आधी खिडकीला विचारा

आज संध्याकाळी एक प्रयोग करून बघा. सूर्य मावळलाय, पण आकाशात अजून उजेड आहे, अशी वेळ निवडा. खिडकीजवळच्या टेबलावर एक कोरा पांढरा कागद ठेवा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. कागदाच्या एका बाजूला खिडकी आहे, तर दुसऱ्या बाजूला एक मेणबत्ती लावा. (घरातलं मोठं कुणीतरी सोबत हवंच, आणि पडदे आधी नीट बांधून ठेवा.) आता कागदाच्या मधोमध एक पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन सावल्या पडतील. मेणबत्ती थोडी पुढेमागे सरकवा, म्हणजे दोन्ही सावल्या साधारण सारख्याच गडद होतील. झालं? मग सांगा बरं, सावल्यांचा रंग कोणता?

काळा? मुळीच नाही! एक सावली निळसर आहे आणि दुसरी नारिंगी.

कागद पांढरा, पेन्सिल एकच, मग हे रंग आले कुठून? पेन्सिलीने मेणबत्तीचा उजेड जिथे अडवला, तिथे कागदावर फक्त खिडकीतून आलेला आकाशाचा उजेड पोचतो. तो निळसर असतो. जिथे तिने खिडकीचा उजेड अडवला, तिथे पोचतो फक्त मेणबत्तीचा. तो नारिंगी असतो. दोन्ही शेजारी शेजारी आले, म्हणून फरक कळला. एरवी दिवसभर आपण वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात वावरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता त्या कागदाच्या जागी तुमच्या खोलीची भिंत आहे असं समजा. दिवाळी जवळ आली की कित्येक घरांत रंगकामाची गडबड सुरू होते. पाऊस संपलेला असतो, भिंतींची ओल वाळलेली असते, म्हणून हा हंगाम रंगाला चांगला. दुकानातून शेडकार्ड येतं. दादाला निळा हवा, ताईला अबोली, आजी म्हणते पांढराच बरा. बोटं कार्डावर फिरतात, एक चौकोन पक्का होतो, पेंटरकाका येतात, रंग लागतो आणि मग सगळे भिंतीकडे बघत उभे राहतात. ‘अरे, आपण हाच निवडला होता का?’

हाच निवडला होता. डब्यातही तोच होता. पण भिंतीचा रंग ठरवण्यात डब्याचा वाटा निम्माच. उरलेला निम्मा ठरवते खिडकी.

हे असं का होतं? सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग मिसळलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आयझॅक न्यूटनने १६६६च्या सुमारास लोलकातून सूर्यकिरण सोडून ते वेगळे करून दाखवले. भिंतीवरचा रंग स्वतःचं काहीच निर्माण करत नाही. समोरून जो प्रकाश येतो, त्यातला काही तो शोषून घेतो आणि उरलेला परत पाठवतो. पिवळी भिंत निळा प्रकाश शोषते आणि लाल-हिरवा परत पाठवते. ते दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पिवळं दिसतं. निळी भिंत निळा परत पाठवते आणि लाल-पिवळ्यातला बराचसा गिळून टाकते. पण येणाऱ्या उजेडात निळा प्रकाश अगदी थोडाच असेल तर? मग बिचारी निळी भिंत परत काय पाठवणार? मावळतीच्या नारिंगी उन्हात निळी भिंत मळकट, राखाडी दिसते ती यामुळेच.

म्हणून रंग निवडण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न असा: माझ्या खोलीत येणारा उजेड कोणत्या रंगाचा आहे?

हे उत्तर आकाशात सापडतं. सूर्यप्रकाश हवेतून येताना हवेच्या रेणूंवर आदळून इकडेतिकडे विखुरतो. सगळे रंग सारखे विखुरत नाहीत. लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये याचं गणित मांडलं. तरंगलांबी जितकी कमी, तितकं विखुरणं जास्त, आणि तेही थोडंथोडकं नाही. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर, गडद लाल प्रकाशाची ७००. या हिशेबाने निळा प्रकाश लालपेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. तो आकाशभर पसरतो आणि आपल्याकडे चारी बाजूंनी येतो. म्हणून आकाश निळं. सकाळ-संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना किरणांना हवेतून फार लांबचा प्रवास करावा लागतो. सूर्य डोक्यावर असतानाच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा त्यांना ओलांडावी लागते! एवढ्या वाटेत निळा प्रकाश विखुरून जातो आणि सरळ येऊन पोचतो तो उरलेला, पिवळा-नारिंगी.

म्हणजे ज्या खिडकीतून थेट ऊन येतं, तिचा उजेड पिवळसर. जिच्यातून नुसतं आकाश डोकावतं, तिचा निळसर. पूर्वेच्या खोलीत सकाळी सोनेरी ऊन, पण सूर्य छपरावरून पलीकडे गेला की तीच खोली दुपारभर निळसर. पश्चिमेच्या खोलीत याच्या बरोबर उलट.

मग उत्तर आणि दक्षिण? इथे एक फार छान गोष्ट आहे, आणि ती मला मुद्दाम सांगायची आहे. घरसजावटीची पुष्कळशी पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिली जातात. त्यांत ठामपणे लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही आणि दक्षिणेच्या खोलीत वर्षभर येतं. लंडनसाठी ते बरंचसं खरं आहे. तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही, दुपारी तो नेहमी दक्षिणेलाच असतो. पण पुणं, मुंबई, नागपूर, कोल्हापूर ही सगळी गावं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हाच शून्य सावली दिवस. पुण्यात तो मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य पुण्याच्या चक्क उत्तरेला असतो! जूनमध्ये तर तो उगवतोच पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ शकतं, ढग नसले तर. आणि दक्षिणेची खिडकी? तिला तेव्हा दुपारी थेट ऊन मिळत नाही.

डिसेंबरमध्ये सगळं उलटतं. पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची चौकट जमिनीपासून सात फूट उंच असेल आणि वर छज्जा आडवा येत नसेल, तर ऊन खोलीत सहा फुटांहून जास्त आत शिरतं. कोनमापक घेऊन वहीत आकृती काढा, तुम्हालाही हेच उत्तर मिळेल.

तुमची मावसभावंडं सिडनीला किंवा मेलबर्नला राहत असतील, तर त्यांना हेच सगळं उलटं करून सांगा. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून उन्हाची खोली ती उत्तरेची.

उत्तरेचा उजेड निळसर असतो खरा, पण त्याचा एक मोठा गुण आहे. तो शांत असतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. म्हणून चित्रकारांना उत्तरेच्या खिडकीची खोली फार आवडते. मुंबईच्या गिरणगावात जुन्या कापडगिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी असायची. त्या प्रत्येक दात्याच्या एका बाजूला काचा, आणि त्या काचा उत्तरेकडे. खाली मागावर बारीक सूत दिसायला भरपूर उजेड हवा, पण डोळ्यांवर ऊन नको. म्हणून ही युक्ती.

पण थांबा. दिशा कळली म्हणजे सगळं कळलं असं नाही. खिडकीबाहेर काय आहे तेही बघायला हवं. बाहेर आंब्याचं मोठं झाड असेल, तर पानांवरून येणारा उजेड हिरवट असतो. कोकणातल्या घरासमोर जांभ्या दगडाचं लाल अंगण असेल, तर उन्हात तेच आत तांबूस उजेड पाठवतं. आणि शहरात दहा फुटांवर शेजारची इमारत असेल, तर तुमच्या खोलीत पोचणारा बराचसा उजेड त्या इमारतीच्या भिंतीवर आपटून आलेला असतो. शेजाऱ्यांनी भिंतीला गुलाबी रंग दिला, की तुमची खोलीही थोडी गुलाबी होते! घरातली फरशीसुद्धा यात सामील असते. लाल फरशीवर ऊन पडलं की लगेच वर छताकडे बघा. पांढऱ्या छतावर गुलाबी झाक आलेली असते.

आता पुढची गंमत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शेडकार्डावर फिकट वाटलेला रंग चार भिंतींवर गडद का दिसतो? कार्डावरून प्रकाश एकदाच आपटतो आणि थेट डोळ्यांत येतो. खोलीत मात्र तो एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उड्या मारत राहतो. समजा, तुमच्या फिकट पिवळ्या भिंतीने लाल-हिरव्या प्रकाशातला ८० टक्के परत पाठवला आणि निळ्यातला ६० टक्के. पहिल्या उडीनंतर १०० पैकी ८० आणि ६० उरले. फरक फार नाही. दुसऱ्या उडीनंतर ८०चे ८० टक्के म्हणजे ६४, आणि ६०चे ६० टक्के म्हणजे ३६. तिसऱ्या उडीनंतर सुमारे ५१ आणि २२. बघा, निळा आता लाल-हिरव्याच्या निम्म्याहूनही कमी उरला! प्रत्येक उडीसरशी पिवळेपणा वाढतच जातो. म्हणून अनुभवी पेंटर सांगतात, आवडलेल्या रंगापेक्षा एक शेड फिकी घ्या. त्यामागे हे टक्केवारीचं गणित आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर बुटांचे दोन रिकामे खोके घ्या. दोन्हींना एका बाजूला सारख्याच आकाराची खिडकी कापा आणि समोरच्या बाजूला डोळा लावायला छोटं भोक पाडा. एका खोक्यात आतून सगळीकडे पांढरा कागद चिकटवा, दुसऱ्यात फिकट पिवळा. त्याच पिवळ्या कागदाचा एक तुकडा बाहेर ठेवा. खिडकी आकाशाकडे करून आत बघा, मग बाहेरचा तुकडा बघा. आतला पिवळा जास्त गडद दिसेल. जमलं तर तिसरा खोका गडद निळ्या कागदाचा करा. खिडकी तेवढीच, पण आत किती अंधार! पांढरी भिंत १०० पैकी ८०-८५ भाग प्रकाश परत पाठवते. गडद निळी पाठवते जेमतेम १० भाग. दोन-तीन उड्यांत तो प्रकाश संपूनच जातो.

मग सगळ्या खोल्या पांढऱ्याच कराव्यात का? आजीचं म्हणणं चुकीचं नाही. चुन्याची सफेदी फार हुशार पद्धत होती. कळीचा चुना पाण्यात विझवून, गाळून, भिंतीला लावायचा. ओला असताना तो पाण्यासारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसतो. वाळता वाळता पांढराशुभ्र होतो, आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं, म्हणजे पुन्हा चुनखडीच. त्यात चिमूटभर नीळ घालायचे. का? चुन्याला किंचित पिवळट झाक असते. नीळ पिवळ्या प्रकाशातला थोडासा भाग शोषून ती झाक मारते. भिंतीवरून परत येणारा एकूण प्रकाश त्यामुळे खरं तर जरासा कमीच होतो, तरी डोळ्यांना भिंत जास्त पांढरी वाटते! आज चुन्याची जागा बहुतेक ठिकाणी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीने घेतली आहे. दुकानातलं मशीन फिकट रंग तयार करतं, ते या पांढऱ्या रंगात थेंब थेंब दुसरे रंग टाकूनच.

पण पांढऱ्याची एक अडचण आहे. तो आलेला उजेड जसाच्या तसा परत करतो. उजेडच कमी आणि निळसर असेल, तर पांढरी भिंतही राखाडी, उदास दिसते. जुन्या घरांतल्या माजघराला खिडक्या कमी, तिथे उजेड यायचा तो छपरातल्या एखाद्या काचेच्या कौलातून. अशा खोलीत नुसत्या पांढऱ्यापेक्षा मलईसारखा पांढरा, ज्यात पिवळ्याचा एक थेंब आहे, तो केव्हाही चांगला. उत्तरेच्या आणि समोर इमारत असलेल्या खोल्यांनाही मी तोच सुचवेन, किंवा फिकट पिवळा, किंवा अबोलीची हलकी झाक. जिथे भरपूर ऊन येतं, तिथे फिकट निळा, पोपटी, समुद्री हिरवा हे रंग खुलतात. अशी खोली थंड वाटते, पण ती वाटण्यापुरतीच. आतल्या भिंतीच्या निळ्या रंगाने थर्मामीटरचा पारा उतरत नाही. गच्चीवर बाहेरून पांढरा रंग दिला तर मात्र घर खरोखर कमी तापतं, कारण ऊन वरच्या वर परतवलं जातं.

खोली जास्त करून रात्रीच वापरत असाल, तर खिडकीऐवजी दिव्याला विचारा. एलईडी दिव्याच्या खोक्यावर एक आकडा असतो, ३००० के किंवा ६५०० के. हे केल्विन, म्हणजे तापमान मोजायचं एकक. तापलेल्या वस्तूच्या तापमानावरून तिच्या उजेडाचा रंग सांगता येतो. लोखंड तापवलं की ते आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि आणखी तापलं की पांढरं. आकडा लहान तितका उजेड तांबूस-पिवळा, आकडा मोठा तितका निळसर. मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास असतो, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००, आणि निरभ्र निळ्या आकाशाचा १०,००० किंवा त्याहूनही जास्त. सुरुवातीच्या दोन सावल्यांमध्ये केवढं अंतर होतं, आलं ना लक्षात? भिंतीला अबोली रंग दिला आणि वर ६५००चा दिवा लावला, तर दिवसा दिसणारा गोडवा रात्री बराचसा फिका पडतो.

दिवा लावण्याआधीची कातरवेळ तर आणखीच वेगळी. अंगणात किंवा कुंडीत लाल जास्वंद असेल, तर दिवसा बघा आणि अंधार पडता पडता पुन्हा बघा. दिवसा पानांपेक्षा फूल उठून दिसतं. तिन्हीसांजेला फूल काळपट होतं आणि पानं त्याच्यापेक्षा उजळ वाटतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं. भरपूर उजेडात आपल्या डोळ्यांतल्या शंकूपेशी काम करतात, अंधारात दंडपेशी. दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून संध्याकाळी खोलीतली लाल भिंत सगळ्यांत आधी अंधारात बुडते.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, मग रंग निवडायचा तरी कसा? मोबाइलवर फोटो बघून नक्कीच नाही. कॅमेरा स्वतःच उजेडाचा रंग दुरुस्त करत असतो, आणि पडद्याचा उजेड वेगळाच. शेडकार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावरूनही नाही. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक साडी दारापर्यंत नेऊन उजेडात बघतं ना, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग बाहेर उन्हात वेगळे निघू शकतात. भिंत काही दारापर्यंत नेता येत नाही, म्हणून रंगच घरी आणायचा. आवडलेल्या दोन-तीन रंगांचे छोटे डबे आणा. वर्तमानपत्राच्या पानाएवढे पुठ्ठे घ्या आणि त्यांना दोन-दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग एकसारखा नसतो. मग पुठ्ठा खिडकीच्या समोरच्या भिंतीला टेकवून बघा आणि नंतर खिडकीच्याच भिंतीला टेकवून. ती भिंत उजेडाकडे पाठ करून असते, म्हणून तिथे तोच रंग जास्त गडद दिसेल. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दिव्याखाली बघा. दर वेळी वहीत दोन शब्द लिहा.

आणि पावसाळ्याला विसरू नका. रंग आपण निवडतो ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, पण नंतर जून ते सप्टेंबर आकाश बराच काळ ढगाळ असतं आणि खोल्यांतून मंद, करडा उजेड भरलेला असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर ही गोष्ट फारच महत्त्वाची. दिवाळीत झकास वाटलेल्या गडद राखाडी रंगामुळे जुलैत घर खायला उठतं. म्हणून एखाद्या ढगाळ दिवशी पुठ्ठा बघायला मिळाला तर उत्तम. नाहीतर खिडकीचा पडदा अर्धा ओढून बघा, थोडी कल्पना येईल.

या वर्षी तुमच्या घरी रंगकाम निघालं, तर मोठ्यांना सांगा की पुठ्ठे रंगवण्याचं आणि नोंदी ठेवण्याचं काम आमचं. नसेल निघालं, तरी खोक्यांचा आणि मेणबत्तीचा प्रयोग जरूर करा. तुमच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि बाहेरची कोणती गोष्ट तुमच्या भिंतींवर आपला रंग पाठवते, ते आम्हाला लिहून कळवा. आकृती काढलीत तर फारच छान!